तिसऱ्या गिअरातली शीळ

भेस्तान, सुरत
१८ ऑगस्ट २०२५

चि. हर्षदा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "सर, तुम्ही फोन बॉनेटजवळ धरता तेव्हा मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. हे फोन आजूबाजूचा आवाज गाळून टाकतात. त्यापेक्षा काय होतं ते लिहून पाठवा." निवृत्त झाल्यापासून गेल्या सोळा वर्षांत मला 'लिहून पाठवा' असं कुणी म्हटलेलं नाही. त्या आनंदात रात्रभर झोप लागली नाही. आमच्या सौ.ने मोबाइलवर काढलेली फिल्म तुला मिळाली, पण तिच्यात "पुरे झालं आता, भाजी करपली" एवढाच संवाद स्पष्ट आहे म्हणतेस. तो विजयाचा आहे. गाडीचा नाही.

उधन्याच्या नाक्यावर उसाच्या एका ट्रकच्या पाठीवर 'टर्बोची डॉक्टर – हर्षदा टर्बो वर्क्स, बारडोली' असं वाचलं आणि नंबर उतरवून घेतला. ती डॉक्टर आपल्या बमरोलीच्या मराठी शाळेतली, माझीच विद्यार्थिनी निघावी! मात्र तुमच्या वर्गात हर्षदा तीन होत्या, त्यातली तू नेमकी कोणती ते स्मरेना. वय झालं, क्षमा कर.

आता रोग्याविषयी. वीस वर्षांची, लाल, परदेशी बनावटीची गाडी. विजयाचा धाकटा भाऊ विकास वेगाचा मोठा शौकीन. २०१४ साली पुण्याला जाताना म्हणाला, "दाजी, दोन महिने सांभाळा." ते दोन महिने अजून चालू आहेत. मी तिला कधीही चाळीसच्या वर पळवलेली नाही. देऊळ, भाजीबाजार आणि क्वचित दवाखाना, एवढंच तिचं जग. तिच्यातून एक शिट्टी येते. लांब, कोवळी, दुपारच्या शांततेत दुरून कुणी साद घालावी तशी. ती शिट्टी मला प्रिय आहे. पण त्याबरोबर हल्ली धूरही येतो, आणि चढावर गाडी उसासे टाकते.

नोंदणीची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. तपासणीत गाडी नापास झाली तर भंगारात. पाच वर्षांपूर्वी करोनाच्या भीतीने कुणी गाडीच्या जवळच आलं नाही, म्हणून ती वरच्या वर्गात ढकलली गेली. यंदा तसं होणार नाही. विजयाने तिच्या जागेवर हिंचका, म्हणजे झोपाळा, टांगायचं ठरवून टाकलं आहे. हिंचक्याच्या कड्यासुद्धा आणल्या आहेत. इथल्या मिस्त्रीने तर एका वाक्यात निकाल दिला, "काका, आ टर्बो कढावी नाखो ने, माथाकूटज नहीं!" म्हणजे गायकाचा गळाच काढून टाका, खोकला आपोआप थांबेल.

तू काहीतरी कर.

तुझा,
अरविंद नेरकर

◆

बारडोली
२५ ऑगस्ट २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

तिसरी हर्षदा मी. सातवी ब, खिडकीजवळचा शेवटचा बाक. तुम्ही कविता शिकवत होतात आणि मी शिट्टी वाजवली. तुम्ही मला बाकावर उभं केलं, घंटा झाली आणि खाली उतर न म्हणता तुम्ही निघून गेलात. म्हणून मी मधल्या सुट्टीतही उभी होते. पुढच्या तासाच्या प्रमिलाबाई आल्या तेव्हा उतरले. आठवलं का?

असो. गॅरेज सासऱ्यांचं, हात माझे. नवरा साखर कारखान्यात आहे. ऊस ओढणाऱ्या ट्रकांचे टर्बो खोलून दहा वर्षं झाली, तुमच्यासारख्या फॅन्सी गाड्या वर्षात दोन-तीनच येतात. पण फुफ्फुस ते फुफ्फुस. टर्बो म्हणजे काय, तर धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याची दांडी घासली तरी शिट्टी येते आणि हवेचा पाइप फाटला तरी शिट्टी येते. पहिल्यात खर्च मोठा, दुसऱ्यात छोटा. म्हणून आधी पेपर सोडवा. एका वाक्यात उत्तरं द्या, सर. एका वाक्यात!

धूर निळा की काळा? इंजिन ऑइल कमी होतं का? शिट्टी गाडी उभी असताना येते की चालताना? वेग वाढला की ती वाढते का? आणि कधीपासून येते?

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, टर्बो गेला. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. एवढं सांगितलं तरी माझं अर्धं काम होईल.

काकूंना नमस्कार. हिंचक्याच्या कड्या परत करू नका अजून, सांगता येत नाही.

हर्षदा

◆

भेस्तान
२ सप्टेंबर २०२५

चि. हर्षदा,
आशीर्वाद.

तुझं पत्र सोबत परत पाठवतो आहे. लाल शाईच्या खुणा बघ. शुद्धलेखनास दहापैकी सहा. 'फुफ्फुस ते फुफ्फुस' या वाक्याला मात्र एक गुण वाढवून दिला आहे.

बाकाविषयी म्हणशील तर शिस्तीसाठी असं पुष्कळ केलं असेल. सगळं कुठून आठवणार!

आता उत्तरे. धुराचा रंग मी तीन दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहिला. सकाळी तो पिकल्या जांभळाच्या सालीसारखा, दुपारी कावळ्याच्या मानेवर जी एक चमक असते तसा, आणि दिवेलागणीला आईच्या चुलीवरच्या तव्याच्या पाठीसारखा. ऑइल मी दर रविवारी कांडीने पाहतो, ते आहे तिथेच आहे, समाधानी माणसासारखं.

शिट्टी गाडी चालतानाच येते. पायाचा दाब वाढला की चढते, पाय काढला की सुस्कारा टाकून विझते. गाडीचा ठेका भुजंगप्रयाताचा आहे, हे मी पैजेवर सांगतो. त्याच ठेक्यात भाजी आणताना दोन ओळी सुचल्या:

तुझी शीळ ऐकून थांबे दुपारी
उभी बाभळीची निळी सावली ही

आणि कधीपासून, तर त्याची तिथीच सांगतो. २०१४चा दसरा. सकाळी गाडी धुऊन, हळदकुंकू वाहून समोर झेंडूची माळ बांधली. ती सोसायटीच्या फाटकावरच्या गाईने उभ्या उभ्या खाल्ली. मग मी विचार केला, की मुखाची पूजा काय सगळेच करतात, आपण हृदयाची करावी. बॉनेट उघडून दुसरी माळ आत बांधली, चांगली आवळून. त्याच संध्याकाळी देवळात जाताना ती पहिल्यांदा बोलली. विजया साक्षीला आहे. पूजा पावली, दुसरं काय! तेव्हापासून दर दसऱ्याला माळ आतच.

एका वाक्यात उत्तरं जमली नाहीत. जन्मभर मुलांना 'सविस्तर लिहा' म्हणत आलो त्याचा हा परिणाम.

अरविंद नेरकर

◆

बारडोली
९ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,
नमस्कार.

पेपर तपासला. पाचपैकी दोन. मी धूर निळा आहे का विचारलं होतं, सावली नाही. जांभूळ निळ्यात धरू, कावळा आणि तवा काळ्यात; म्हणजे दोनास एक मतांनी काळा. पण अशा मतदानावर मी टर्बो खोलत नाही.

असं करा. काकूंचा एक जुना पांढरा रुमाल काठीला बांधून धुरात धरा. काजळी आली तर काळा, तेलकट डाग आला तर निळा. कविता करू नका, रुमालच पाठवून द्या.

दुसरं काम. वाटीभर पाण्यात भांड्यांचा साबण घाला. गाडी सुरू करून काकूंना म्हणा, पायाने हळूहळू गॅस द्या. तुम्ही ते पाणी टर्बोकडून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपावर ब्रशने लावा. जिथून हवा निसटत असेल तिथे बुडबुडे येतील. आले की साव, म्हणजे अगदीच सोपं काम आहे. नाही आले तर दांडीच घासली आहे, आणि मग सर, मला वाटतं हिंचका.

माझी गाळपाची गडबड सुरू व्हायच्या आत करा. एकदा ऊस सुरू झाला की मला जेवायलाही वेळ नसतो.

ओळी छान आहेत. वाचताना पाना हातातच राहिला होता.

हर्षदा

◆

भेस्तान
४ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षदा,
आशीर्वाद.

उशीर झाला. पितृपंधरवड्यात रोग्याची तपासणी करणं मनाला पटेना. नवरात्र लागलं तर समोरच्या पटांगणात रोज गरबा. त्या ढोलात इंजिन सुरू आहे की बंद हेच कळत नव्हतं. रुमाल मात्र सोबत पाठवतो. विजया म्हणते तो जुना नव्हता.

परवा दसरा झाला. यंदा तिचं परीक्षेचं वर्ष म्हणून पूजा जरा मनापासून केली. माळ दुहेरी घेतली. वरच्या घराचं बांधकाम चालू आहे, तिथून सळया बांधायची लोखंडी तार मागून आणली आणि नेहमीपेक्षा दोन वेढे जास्त दिले. फुलं वाळली की मी ती काढतो, पण तार कधीच सोडत नाही. बांधलेलं बंधन सोडू नये, असं आई म्हणायची. त्यामुळे आत आता बारा दसऱ्यांच्या बारा तारा आहेत, लग्नातल्या हिरव्या चुड्यासारख्या दाटीने.

आणि काय सांगू तुला! संध्याकाळी सोनं वाटायला निघालो तर शिट्टी अशी घुमली, की गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. धूरही तेवढाच वाढला आहे, हे कबूल करतो. शीतल नावाची शेजारची सून कपडे वाळत घालत होती, ती काहीतरी बोलली. मला शिट्टीपुढे ते ऐकू आलं नाही, पण विजयाला आलं, आणि तिने मला रात्री ते पुन्हा ऐकवलं.

साबणाचं पाणी उद्या-परवा करतो.

अरविंद नेरकर

◆

बारडोली
१० ऑक्टोबर २०२५

सर,

नमस्कार. घाईत लिहिते. रुमाल काळा आहे, कोरडा काळा. टर्बो वाचलाय.

सप्टेंबरच्या पत्रात तुम्ही 'माळ बांधली' एवढंच लिहिलं होतं. मी समजले दोऱ्याने. तार म्हणालाच नाहीत! आता सांगा, ती तार तुम्ही नेमकी कशाला बांधता? बॉनेटखाली जाड, काळा, मनगटाएवढा रबरी पाइप आहे, त्याला का? साबणाचं पाणी बरोबर त्या तारांखाली लावा आणि मला कळवा.

आजच लावा.

हर्षदा

◆

भेस्तान
१६ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षदा,

चाचणी केली. विशेष काही आढळले नाही.

अ. नेरकर

◆

भेस्तान
१८ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षदास,
विजयाकाकूचा आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. घरात एकाने लिहिलं की पुरतं. पण यांनी तुला लिहिलेलं दोन ओळींचं पत्र मी पोस्टात टाकताना बघितलं, तेव्हाच समजले. हा माणूस दूधवाल्याला चिठ्ठी लिहितो ती दीड पानाची असते.

बुडबुडे आले, बाई. मी गॅस देत होते. तारांच्या खाली पातेल्यातलं दूध उतू जावं तसा फेस आला. यांनी ब्रश खाली ठेवला आणि पाटावर बसून राहिले. मी म्हटलं, "अहो, सापडलं ना? मग तोंड का पाडलंत?" तर म्हणाले, "विजया, तो पाइप बदलला की शिट्टी जाईल." मी म्हटलं, जाऊ दे की! तर जेवले नाहीत.

आता तुला खरं सांगते. यांचे वडील तापी लाइनीच्या आगगाडीवर कोळसा टाकायला होते. घर दोंडाईच्याला, रुळाला लागून. गाडी फाटकाशी आली की वडील ड्रायव्हरला सांगून शिट्टी द्यायला लावायचे, लांबच लांब. सासूबाई म्हणायच्या, "गाडी उनी, तवा ठेवा." की भाकरी थापायला बसायच्या. वडील गेले तेव्हा हे नऊ वर्षांचे होते. गाडी त्यानंतरही रोज यायची, पण आमच्या फाटकाशी शिट्टी द्यायला सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. हे मला लग्न झाल्यावर वीस वर्षांनी सांगितलं, तेही वीज गेलेली असताना.

दर गुरुवारी देवळात जाताना हे गाडीच्या खिडक्या उघड्या का ठेवतात आणि चाळीसच्या वर का जात नाहीत, ते मला माहीत आहे. मी धुराला बोलते, शिट्टीला कधी बोलले नाही. हिंचक्याच्या कड्या मी आणल्या, पण भोकं पाडायला माणूस बोलावला नाही अजून. गाडी भंगारात गेली तर मी रडणार नाही. पण यांच्याबरोबर राहायचं मला आहे.

तूच काय ते बघ. मी लिहिलंय हे यांना सांगू नकोस. चकल्या झाल्या की पाठवीन.

सौ. विजया

◆

बारडोली
२५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सर,
नमस्कार. पाडवा छान गेला असेल.

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं. धुराच्या तीन रंगांना तुम्ही एक पान दिलं होतं, म्हणून मी या पत्राला कॉपी समजते. पेपर परत करते आहे, शून्य गुण. रागावू नका, पद्धत तुमचीच आहे.

सर, ती शिट्टी गाणं नाही, कण्हणं आहे. टर्बो हवा भरतो आणि तारेने कापलेल्या फटीतून ती निसटते. गाडीचा मेंदू हवा मोजून पेट्रोल देतो, हवा वाटेत गळते, पेट्रोल मात्र पूर्ण येतं. मग ते अर्धवट जळतं आणि काळा धूर होतो. तुम्ही बारा दसरे तिच्या श्वासनलिकेला एकेक फास घातलात आणि ती कळवळली की टाळ्या वाजवल्यात. स्पष्ट लिहिते, कारण तुमच्याकडूनच शिकले की 'आशय स्पष्ट करा'.

शिट्टीसह गाडी पास होणार नाही. ३० नोव्हेंबरनंतर शिट्टीही नाही आणि गाडीही नाही. पाइप बदलला तर निदान गाडी राहील. तुम्ही ठरवा.

ऊस सुरू झालाय, तरी रविवारी, २ नोव्हेंबरला सकाळी मी पाइप, नवे क्लिप आणि पक्कड घेऊन येते. तुम्ही नको म्हणालात तर चहा पिऊन परत जाईन.

हर्षदा

◆

भेस्तान
२९ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षदा,

शून्य गुण मान्य. जन्मात पहिलं शून्य.

ये. पण सकाळी दहानंतर ये. तोपर्यंत मी तिला एकदा देवळापर्यंत नेऊन आणतो.

तार मीच तोडीन. बांधली मी होती.

अरविंद नेरकर

◆

भेस्तान
२१ नोव्हेंबर २०२५

चि. हर्षदा,
आशीर्वाद.

गाडी पास झाली. पाच वर्षांसाठी.

सविस्तर ऐक. मंगळवारी सकाळी विजयाने बॉनेटवर हळदकुंकू लावलं, बंपरला दही-साखर चाटवली आणि म्हणाली, "घाबरू नकोस गं, येतं ते लिही." मी म्हटलं, तू तर हिंचकेवाली! तर म्हणाली, "परीक्षेला बसलेल्या पोरीचं वाईट चिंतू नये."

तपासणीच्या आवारात मी फाटकाबाहेर उभा राहिलो, दहावीच्या केंद्राबाहेर पालक उभे राहतात तसा. एक तरुण साहेब होते. धुराच्या नळीत कसलीशी नळी घातली, गॅस दिला, यंत्राकडे बघितलं, पुन्हा दिला. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढतील. पण ते म्हणाले, "काका, बहु सरस राखी छे गाडी." फार छान ठेवली आहे, म्हणे. मी त्यांना तुझं नाव सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांच्या मामाचा ट्रक आहे.

धूर नाही. चढावर उसासा नाही. पुलावर तर ती अशी निघाली, की विजयाने मान मागे टेकवली आणि ओरडली, "अहो, हळू!" मी काहीच केलं नव्हतं.

पण घरी येताना सगळा रस्ता खिडक्या उघड्या होत्या. काही आलं नाही, हर्षदा. टायरचा आवाज, वाऱ्याचा आवाज, कापडाच्या टेम्पोंचे हॉर्न. सोसायटीच्या फाटकाशी आलो तेव्हा विजयाने हळूच सांगितलं, "काचा वर घ्या आता, धूळ येते."

तुझी चूक नाही. उत्तर बरोबरच आलं आहे. विद्यार्थ्याला शंभर गुण मिळावेत आणि त्याने घरी येऊन बोलणंच सोडावं, तसं काहीसं झालं आहे, एवढंच. तोडलेल्या बारा तारा मी पाटावर ठेवल्या होत्या, विजयाने त्यांनी घोसाळ्याचा वेल बांधला.

अरविंद नेरकर

◆

बारडोली
३० नोव्हेंबर २०२५

आदरणीय सर,
नमस्कार आणि अभिनंदन!

आज मुदतीचा दिवस आणि गाडी तुमच्या दारात उभी आहे. मी इथे पेढे वाटले. ड्रायव्हर लोक विचारत होते, कुणाला मुलगा झाला.

आता एक गोष्ट, जी मी पाइप बदलला त्या दिवशी मुद्दाम सांगितली नाही. आधी पास होऊ दे म्हटलं. नाहीतर तुम्ही परीक्षेच्या आधीच ती करून बसला असतात.

सर, निरोगी टर्बोलाही शिट्टी असते. पण ती चाळीसच्या वेगात, भाजीच्या पिशव्या घेऊन, चौथ्या गिअरात ऐकू येत नाही. पंखा पूर्ण वेगाने फिरला की मग येते. तुम्ही अकरा वर्षं त्या गाडीला चालायला लावलंत, पळू दिलंच नाही. तिचा खरा आवाज तुम्ही अजून ऐकलेलाच नाही. बाहेर येत होता तो जखमेचा. आतला आहे तसाच आहे. मी पंखा हाताने फिरवून बघितलाय, दांडी नव्यासारखी आहे.

गृहपाठ देते. एका रविवारी सकाळी कडोदरा ओलांडून बारडोलीच्या रस्त्याला लागा. रस्ता मोकळा दिसला की तिसरा गिअर. चौथा नाही, तिसरा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीनवर येईपर्यंत पाय दाबत राहा. घाबरून पाय काढायचा नाही. खिडकी चार बोटं उघडी. घरी पोहोचल्यावर लगेच बंद करू नका, एक मिनिट उभी ठेवा. पंख्याला दम घेऊ द्या.

आणि पुढच्या दसऱ्याला माळ सुती दोऱ्याने, आरशाला. गाय खाईल तर खाऊ दे.

हर्षदा

◆

भेस्तान
२२ डिसेंबर २०२५

चि. हर्षदा,
अनेक अनेक आशीर्वाद.

आज घरी ई-मेमो आला, वेगाच्या दंडाचा. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यातला पहिला. वेग चौऱ्याऐंशी, मर्यादा ऐंशी. चार गुण जास्त. सोबत फोटो आहे. त्यात विजयाचं तोंड उघडं आहे. बघणाऱ्याला वाटेल ती ओरडते आहे. पण मी शेजारी होतो, ती हसत होती. दंड भरला आहे. फोटो तिने चौकट करायला टाकला आहे.

मागच्या रविवारी निघालो. विजयाच्या मांडीवर तुझ्यासाठी केलेल्या चकल्यांची पिशवी. कडोदरा मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस, समोर रस्ता रिकामा. मी तिसरा गिअर टाकला. विजया म्हणाली, "अहो, चुकून खालचा पडला." म्हटलं, गृहपाठ आहे. पाय दाबला. काटा दोनवर आला तरी काही नाही. अडीचवरही काही नाही. माझा पाय, खरं सांगतो, निघायला लागला होता. तेव्हा विजयाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. माझ्या विजयाने!

काटा तीनवर गेला. आधी पाठ सीटला चिकटली, चकल्या मागे गेल्या. आणि मग ती आली. खूप आतून, बारीक, केसाएवढी, चढत चढत. मी जी अकरा वर्षं ऐकत होतो ती हिच्यापुढे घोगरी होती, लांब जाणाऱ्या गाडीची. ही जवळ येणारी होती. फाटकाकडे येणारी. मला चक्क भाकरीचा वास आला, हर्षदा. खोटं वाटेल, पण आला.

मी पाय काढला. ती विझली. विजया समोर बघत म्हणाली, "अजून एकदा."

बारडोलीपर्यंत सात वेळा झालं. तुझं शटर बंद होतं. शेजारी म्हणाला, बाई शेतावर ट्रक दुरुस्त करायला गेल्यात. फुटलेल्या चकल्यांची पिशवी शटरच्या कडीला लटकवून आलो. कुलपाला ओटीची सुपारीही लावली होती, ती विजयाने. गाडी उभी करून तिला एक मिनिट दम घेऊ दिला होता, तिथे आणि घरी, दोन्ही वेळा.

आता माझी कॉपी पकडली गेली तसाच दुसरा गुन्हाही सांगून टाकतो. तुमच्या वर्गात हर्षदा तीन होत्या हे खरं, पण शिट्टी वाजवणारी एकच होती. पहिल्या फोनवरच मी तुला ओळखलं होतं.

त्या दुपारी मी फळ्यावर ओळ लिहीत होतो आणि मागून शिट्टी आली. लांबच लांब. हातातला खडू थांबला. वळलो असतो तर अडतीस पोरांनी मास्तरांचे डोळे पाहिले असते. म्हणून फळ्याकडेच तोंड ठेवून म्हणालो, "कोण आहे ते, बाकावर उभं राहा." तो तास मी पाठमोराच शिकवला. घंटा झाली आणि तसाच बाहेर पडलो. तुला खाली उतरवायला वळावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. शिस्त वगैरे काही नव्हतं त्यात.

सव्वीस वर्षं झाली. शिक्षेचा शेरा मी आज खोडतो आहे. शिळेला पैकीच्या पैकी.

हर्षदा, बाकावरून खाली उतर.

तुझा,
अरविंद नेरकर